खारघरच्या डोंगरातली शोधकुत्री: किशोर रहस्यकथेसाठी नेमकी माहिती हवी

शाईचा_डाग (नेरूळ)

तेरा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी रहस्यकथा लिहिते आहे. जागा खारघरचा डोंगर, महिना जुलै. सोसायटीतली मुलं डोंगरावर जातात आणि चाफेवाडीच्या अलीकडे चौदा वर्षांचा ओम दिसेनासा होतो. सोळा वर्षांच्या सईची आत्या स्वयंसेवी शोधपथकात आहे, तिची लॅब्रेडॉर कुत्री मेथी. ओमची टोपी मेथीला हुंगवतात. मेथी तडक निघते, पण वर जाण्याऐवजी खाली गाड्या लावतात तिथे येऊन घुटमळते. सगळे म्हणतात, कुत्री चुकली. ओम मात्र वरच्या घळीत पाय मुरगळून अडकलेला असतो.

अडलंय ते असं. पावसात वास किती तास टिकतो? ओढा ओलांडला की माग तुटतो, मिरपूड टाकली की कुत्रं निकामी होतं, हे जुन्या गोष्टींमधलं कितपत खरं? कुत्री एका दमात किती वेळ काम करते? सईला आत्याबरोबर शोधात पाठवता येईल का? आणि पोलिसांना कथेबाहेर ठेवलं तर चालेल का? मुलं हल्ली सगळं शोधून बघतात, त्यामुळे ढोबळ उत्तरं नकोत.

दोरवाला (ठाणे)

ताई, मेथी कोणतं काम शिकलेली आहे ते आधी ठरवा. तुमच्या कथानकात दोन वेगळी कामं एकत्र झाली आहेत.

माग काढणारं कुत्रं एका विशिष्ट माणसाच्या वासावर चालतं. त्याला त्या माणसाची वस्तू हुंगवावी लागते. अंगात हार्नेस, मागे पाच ते दहा मीटरचा दोर आणि दोराच्या टोकाला हँडलर, म्हणजे कुत्र्याला शिकवणारा आणि कामावर नेणारा माणूस. हवेतला वास घेणारं कुत्रं मोकळं सोडतात. त्याला वस्तू लागत नाही. ठरवून दिलेल्या पट्ट्यात वाऱ्यावरून येणारा कुठल्याही माणसाचा वास पकडून ते त्याच्या उगमाकडे जातं. बातम्यांत दिसणारी एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) कुत्री या दुसऱ्या कुळातली, पण ढिगाऱ्यासाठी तयार केलेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात गेलेले रोमिओ आणि ज्युली गाडलेला कुठलाही जिवंत माणूस शोधत होते, नाव-गाव ठरलेला नव्हे. त्यामुळे 'एनडीआरएफच्या कुत्र्याला टोपी हुंगवली' असं वाक्य कथेत येऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी दोरावर माग आणि दुसऱ्या दिवशी मोकळं सोडून हवेतला वास, अशी दोन्ही कामं शिकलेली कुत्री असू शकते. दोन्हींसाठी हार्नेस आणि हुकूम वेगळे ठेवतात, म्हणजे आज कोणता डाव आहे ते तिला कळतं.

आता टोपी. मेथी चुकलीच नाही असं करा. टोपी ओमची नाहीच, किंवा त्या सकाळी दुसऱ्या कुणीतरी दोन तास घातलेली होती. एका वस्तूवर दोन माणसांचे वास असले तर हजर असलेल्यांचा वास वजा करता येतो: ज्यांनी वस्तू हाताळली त्या सगळ्यांना सुरुवातीच्या जागी उभं करतात, कुत्रं त्यांना हुंगून बाजूला काढतं आणि जो तिथे नाही त्याच्या मागावर जातं. पण 'नसलेले' दोघं असले तर? ओमही नाही आणि टोपी घालणारा दुसराही नाही. मग ज्याचा माग ताजा आणि ठळक, त्याच्यावर कुत्री जाण्याची शक्यता मोठी. मेथी गाड्यांच्या जागेपर्यंत येऊन थांबते, कारण तो माणूस तिथून गाडीत बसून गेला. आणि हाच माणूस नंतर सांगतो की मी त्या दिवशी डोंगरावर आलोच नव्हतो. तुमचं रहस्य इथे आहे. मेथीने ओम शोधला नाही, पण एक खोटं शोधून दिलं.

टोपी गोळा करण्याची पद्धतही कथेत दाखवा, कारण घोळ तिथेच होतो. न धुतलेली, अंगाला लागलेली वस्तू हवी: मोजा, उशीचा अभ्रा, आतला बनियन. धुण्याच्या टोपलीतली नको, तिथे घरभराचे वास एकमेकांत मुरलेले असतात. हातमोजा किंवा चिमटा वापरून नव्या कोऱ्या झिपच्या पिशवीत घालायची आणि वर वेळ लिहायची. प्रत्यक्षात होतं असं की आई ती छातीशी धरून बसलेली असते, शेजारचे काका ती उलटसुलट करून बघतात आणि शेवटी ती चिवड्याच्या पिशवीतून येते.

वास म्हणजे मुख्यतः त्वचेचे सूक्ष्म कण. माणूस बसल्या जागी मिनिटाला हजारोंनी टाकत असतो. ते हलके असतात, वाऱ्यावर तरंगतात, गवतात आणि दगडांच्या फटींत अडकतात. म्हणून माग पावलांच्या ठशांवरून जाईलच असं नाही, वाऱ्याच्या बाजूला काही मीटर सरकलेला असतो. ओलसर, थंड, सावलीच्या जागी तो टिकतो, तापलेल्या कातळावर लवकर विरतो. रिमझिम त्याला मदतच करते. धो-धो पाऊस उघड्या पायवाटेवरचा वास धुऊन नेतो, पण कारवीच्या बुंध्याशी आणि दरडीच्या आडोशाला थोडा राहतो. जुलैत सहा-आठ तासांचा माग सरावलेल्या कुत्रीला जमावा, मधे दोन मोठ्या सरी पडल्या असल्या तरी तुटक का होईना. चोवीस तासांनंतर, त्याच पावसात, लेखिकेने मेथीकडून फार मागू नये.

ओढ्याने माग कायमचा तुटत नाही. वास पाण्यावरून वाहत जाऊन खालच्या वळणावर काठाला लागतो. हँडलर दोन्ही काठांनी वर-खाली फिरवून बघतो, दहा-पंधरा मिनिटं जातात इतकंच. मिरपूड टाकली तर कुत्री शिंकते, नाक पुसते, मग तो तुकडा वळसा घालून पलीकडे पुन्हा माग पकडते. उलट तिथे मुद्दाम कुणी पूड टाकली हे लगेच कळतं, म्हणजे गुन्हेगार आपणहून पुरावा ठेवून गेला. गाडी मात्र माग खरोखर तोडते.

दम. जुलैत पारा अठ्ठावीसच दिसला तरी हवा ओली असते, आणि कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं. दमट हवेत धापांचा उपयोग कमी होतो. वीस-पंचवीस मिनिटं काम, दहा-पंधरा मिनिटं सावलीत विश्रांती, दर थांब्याला थोडं थोडं पाणी. अशा तीन-चार फेऱ्यांनंतर नाक आहे पण लक्ष नाही अशी अवस्था येते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस. ४०.५ च्या वर गेलं की काम बंद, अंगावर साधं पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. ४१ ओलांडलं तर पाणी ओतत ओततच थेट डॉक्टरकडे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो काही मिनिटांत गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो.

कातळकडा (खारघर)

दोरवाला यांच्या उत्तरात जागेची भर घालतो.

डोंगराच्या पश्चिमेला बेलापूर, पूर्वेला खारघर. जुलैतला वारा नैऋत्येचा आणि बऱ्यापैकी सलग. म्हणजे खारघरच्या बाजूच्या घळी आडोशाला येतात, आणि आडोशाला वारा सरळ वाहत नाही. तो डोंगराच्या धारेवरून उडी मारून पलीकडे उतरतो आणि खाली भोवरा करून उलटा फिरतो. घळीत पडलेल्या माणसाचा वास कधी समोर उतरणाऱ्या डोंगराच्या सोंडेवर जाऊन साचतो. मोकळी सोडलेली मेथी त्या सोंडेवर मान वर करेल, गोल फिरेल, भुंकेलही, आणि तिथे कोणी नसेल. नवखे लोक याला 'कुत्रीला भास झाला' म्हणतात. जाणता माणूस वेळ, जागा आणि वाऱ्याची दिशा लिहून घेतो आणि वारा जिकडून आला तिकडची घळ नकाशावर बघतो.

वारा बघायला खिशात पावडरची पिचकारी बाटली ठेवतात, एक फुर्र केलं की ढग कुठे जातो ते दिसतं. पावसात पावडर चिकटते, मग काठीला बांधलेली हलकी रिबीन बरी.

उन्हाळा-हिवाळ्यासाठी लिहिलेल्या पुस्तकांत 'सकाळी वारा चढावर जातो, संध्याकाळी उतारावर येतो' असं असतं. ते ऊन पडतं तेव्हा खरं. ढगाळ जुलैत उतार तापतच नाही, त्यामुळे मोसमी वाराच राज्य करतो. कथा डिसेंबरात नेली तर हाच डोंगर वेगळा वागेल: पहाटे थंड हवा घळीतून खाली ओघळते आणि वास पायथ्याला आणते, दुपारी खाडीकडून वारा सुटला की सगळं उलटं.

आणखी एक. पावसाळ्यात पांडवकडा धबधबा आणि आसपासच्या ओढ्यांवर प्रवेशबंदी असते, दरवर्षी दुर्घटना होतात म्हणून. तुमच्या सहलीतल्या मोठ्या माणसांनी ती मोडली असेल, तर 'आम्ही त्या बाजूला गेलोच नाही' हे खोटं अगदी साध्या कारणाने बोललं जाईल. खलनायक लागणारच नाही, दंड आणि लाज पुरते.

उपवन_बाक (ठाणे)

येऊरला का नाही नेत कथा? जंगल खरं आहे, बिबटे आहेत, वातावरण आयतं मिळेल.

कातळकडा (खारघर)

वातावरण मिळेल, पण कथा परवानग्यांमध्ये अडकेल. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू. कुत्रं आत न्यायचं तर वनखात्याला बरोबर घ्यावंच लागेल आणि पुढे वनरक्षक चालेल. शिवाय इथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. तिन्हीसांजेनंतर मेथीला दोर सोडून येऊरमध्ये धाडणारी आत्या वाचकाला बेजबाबदार वाटेल, आणि ती तशी असेलच. येऊरच्या पाटोणापाड्यातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन दिवसाउजेडीचा प्रसंग होऊ शकतो, पण मग ते वेगळं पुस्तक.

शाईचा_डाग (नेरूळ)

खारघरच ठेवते. टोपीचं वळण घेतलं, मनापासून आभार. मग सईने काय करायचं? नायिका तंबूत बसून राहिली तर पुस्तक कोण वाचेल?

दोरवाला (ठाणे)

अठरा वर्षांखालच्या मुलीला कुठलंही शहाणं पथक प्रत्यक्ष शोधपट्ट्यात नेणार नाही. पण दोन कामं अशी आहेत की ती तिच्या वयाला शोभतात आणि रहस्य तिच्याच हातून सुटतं.

पहिलं, लपणारी. कुत्रं तयार व्हायला साधारण दीड वर्ष रोजचा सराव लागतो, आणि सरावाला कोणीतरी लपावं लागतं. सुरुवातीला पिल्लासमोरूनच खेळणं घेऊन पळायचं, मग नजरेआड, मग दहा मिनिटं आधी जाऊन, मग तासभर आधी. लपणाऱ्याने हलायचं नाही, हाक मारायची नाही, मुंग्या चावल्या तरी. कुत्रं पोचलं की जीव ओतून खेळायचं, कारण बक्षीस लपणाऱ्याकडून मिळतं. सईने हे तीन वर्षं केलंय असं धरलं तर मेथी कधी काय करते हे तिला आत्याइतकंच माहीत असेल. मान झटकन वळली म्हणजे वळण मागे राहिलं. दोर सैल पडला म्हणजे वास संपला. शेपूट ताठ आणि श्वास तोंड मिटून भराभर, म्हणजे जवळ आहे.

लपण्याचा एक नियम कथेत फार उपयोगी पडेल. हँडलरला लपण्याची जागा माहीत असता कामा नये. माहीत असली की तो नकळत तिथे रेंगाळतो, दोर ताणतो, आणि कुत्रं त्याचंच अंग वाचून इशारा देतं. अमेरिकेतला २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: स्फोटकं आणि अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्रा-हँडलरच्या १८ जोड्या, वास कुठेच ठेवलेला नव्हता, तरी जिथे 'इथे आहे' असं हँडलरना भासवलं होतं तिथे इशाऱ्यांची गर्दी झाली. म्हणून आत्याच्या कानात कुणी 'तो खालीच गेला असणार' असं वारंवार घातलं, तर वाचकाला मेथीवर रास्त संशय येईल. मग टोपीचं वळण आणखी खुलतं, कारण शंका दोन्हीकडे राहते.

दुसरं काम, तळावरची नोंदवही. वॉकीटॉकीवरून येणारी प्रत्येक ओळ: वेळ, जागा, वारा, कुत्रीचं वागणं. सई ती लिहिते. ११.४० ला सोंडेवर मान वर, वारा नैऋत्य. १२.२५ ला त्याच सोंडेच्या उत्तर टोकाला परत मान वर, वारा थोडा दक्षिणेकडे सरकलेला. दोन्ही ठिकाणांहून वाऱ्याच्या उलट रेषा ओढल्या की त्या एका घळीत येतात. नकाशा, पट्टी आणि पेन्सिल. हे चौदा वर्षांच्या वाचकाला घरी करून बघता येतं, एक पान नकाशाला द्याच. कातळकडा म्हणतात तो भोवरा असल्याने रेषा नेमकी जुळणार नाही, पन्नास-शंभर मीटरचा घोळ राहील. तो राहू द्या.

पंचनामा (कळवा)

पोलिसांना बाहेर ठेवता येणार नाही. ओम चौदाचा आहे. मे २०१३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार अल्पवयीन मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवतात. १ जुलै २०२४ पासून त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२) लागतं, त्याआधी भादंवि (भारतीय दंड विधान) ३६३ होतं. कथा कोणत्या साली घडते त्यावर कलम ठरवा. 'चोवीस तास थांबा' असं ठाणे अंमलदाराच्या तोंडी घालू नका, तसा नियम नाही.

हद्दीची गंमत वापरता येईल. खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेत, पण पोलीस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयाचं. उतरताना कोणी बेलापूरच्या बाजूला गेलं तर ठाणे जिल्हा आणि नवी मुंबई महापालिका. फोन ११२ ला जातो, पण अग्निशमन कुणाचं, तहसीलदार कोण, हे बोलणं पंधरा मिनिटं चालू शकतं. स्वयंसेवी पथक पोलिसांना कळवूनच वर जातं, परस्पर नाही.

आणि कुत्रीच्या वागण्यावर कुणाला दोषी ठरवू नका. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली श्वानाच्या मागावर फार भर देता येत नाही असं म्हटलं होतं. कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही, हे त्यामागचं एक कारण. मेथीने गाड्यांच्या जागेपर्यंत नेलं, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तिथे मग माणसाने काहीतरी शोधायला हवं: पायथ्याच्या सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही, टपरीवर यूपीआयने दिलेले चहाचे पैसे, ज्यांच्यावर वेळ छापलेली असते. तुमच्या आळ आलेल्या माणसाला वाचवायलाही हेच कामाला येईल.

गोष्टीवेल्हाळ (डोंबिवली)

एक लेखनाचं. वरची माहिती आत्याच्या तोंडून व्याख्यानासारखी देऊ नका. टोपीचा घोळ पहिल्या वीस पानांत उघड्यावर ठेवा: ग्रुप फोटोत टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, जाता जाता. वाचकाने तो बघितलेला असावा आणि विसरलेला असावा. उलगडा झाल्यावर तो मागे जाऊन पान उघडेल. फोटोतलं ते डोकं फोनमध्ये बघत असेल तर उत्तम, चेहरा दिसत नाही.

पावसाळी खारघरची पार्श्वभूमी आहे म्हणून प्रत्येक पानावर धुकंही नको. तीन ठिकाणी पुरे.

शाईचा_डाग (नेरूळ)

शेवटचं विचारते. मेथीला ओम सापडतो तो क्षण कसा लिहू? ती त्याच्याजवळ बसून भुंकते का?

दोरवाला (ठाणे)

दोन रीती आहेत, शिकवलं असेल तसं. एक, जागीच थांबून हँडलर येईपर्यंत भुंकत राहणं. दुसरी, माणूस सापडला की धावत हँडलरकडे परत येणं, ठरलेला इशारा करणं, म्हणजे पंजा मांडीवर मारणं किंवा पट्ट्याला लटकवलेली कांडी तोंडात धरणं, आणि मग त्याला घेऊन पुन्हा त्या माणसाकडे जाणं. ओढ्याचा आवाज असलेल्या घळीत भुंकणं ऐकू येत नाही, म्हणून तुमच्या जागेला दुसरी रीत योग्य. मेथी वरून एकटी परत येते, भिजलेली, आणि आत्याच्या मांडीवर पंजा मारते. भुंकत नाही. मग दोघी वर चढतात, यात मेथी दोनदा-तीनदा मागे-पुढे करेल.

ओमने पहिल्या हाकेला उत्तर देऊ नये. घाबरलेली किंवा शिक्षेची भीती असलेली मुलं शोधणाऱ्यांपासूनही लपतात. तो बंदी असलेल्या बाजूला गेला आहे, ओरडा बसणार हे त्याला माहीत आहे. कुत्री तोंडाशी आल्यावर मात्र बोलतो.

पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही तर तळावर परतल्यावर आत्याने मेथीसाठी सोपा डाव लावायचा. सई शे-दोनशे मीटरवर झुडपामागे बसते, मेथी पाच मिनिटांत तिला काढते आणि चेंडू मिळतो. रिकाम्या हाती दिवस संपला की कुत्र्याची पुढची उमेद घटते.

किरकोळ राहिलं ते: कामाआधी दोन-तीन तास मेथीला पोटभर जेवण नाही, भरल्या पोटी धावलं तर मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी, कारण डबक्यातलं पाणी ती पिणारच. आणि खाली आल्यावर पंजांच्या बोटांत, कानांमागे आणि काखेत गोचिड्या बघायच्या. हे काम सईला द्या, वही मिटल्यावर.